ऊसतोड मजुरांचा मालक कोण?

कृष्णाकाठी आमचा थोडा ऊस आहे. वडिलांच्या माघारी सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व माझ्या नावावर आले आणि त्याबरोबर कारखान्याची कागदपत्रे वाचण्याची सवयही लागली. कारखान्याकडून उसाला मिळणारा पैसा कसा ठरतो, हे शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी आधी सांगितले पाहिजे, कारण या लेखातला सगळा मुद्दा त्या हिशोबात आहे. केंद्र सरकार दर हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. साखर उताऱ्यानुसार, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणानुसार, आपल्या कारखान्याची एफआरपी निघाली की कारखाना त्यातून सरासरी तोडणी-वाहतूक खर्च वजा करतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करतो. ज्याचा ऊस कारखान्याच्या दारात आहे त्यालाही तीच सरासरी आणि ज्याचा ऊस चाळीस किलोमीटरवरून येतो त्यालाही तीच. या सरासरीवरून दरवर्षी वाद होतात आणि ते होणे योग्यच आहे. पण त्या वादात एक साधी गोष्ट नजरेआड राहते. ऊस तोडण्याची मजुरी कारखाना ठरवतो, कारखाना आमच्या पैशातून ती कापून घेतो, कारखानाच ती पुढे देतो, आणि तरीही तोडणाऱ्या माणसाशी आपला काही संबंध नाही, अशी त्याची कायदेशीर भूमिका असते.

ही भूमिका उभी राहते ती करारांच्या साखळीवर. हंगाम सुरू होण्याच्या काही महिने आधी कारखाना ट्रॅक्टर-ट्रकवाल्या वाहतूकदाराशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो आणि त्यापोटी त्याला आगाऊ रक्कम मिळते. पुष्कळदा ती बँकेच्या कर्जातून येते आणि त्या कर्जामागे कारखान्याची हमी असते. वाहतूकदार ती रक्कम मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाला देतो. मुकादम बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांत किंवा शेजारच्या पाथर्डी-जामखेडकडे जाऊन नवरा-बायकोच्या जोडीला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. या जोडीला एक कोयता धरतात, म्हणजे दोन माणसांचा हिशोब एकाच नावावर, आणि ते नाव बहुतेक वेळा नवऱ्याचे असते. अलीकडे ही उचल लाखाच्या घरात जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फेडत राहतात. कुणी फेडीतून सुटतो, कुणाकडे बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. अपघात झाला, बाळंतपणात काही विपरीत घडले किंवा मजुराला डांबून ठेवल्याची तक्रार झाली की कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो की मीही त्यांच्यातलाच.

मग काम नेमके कुणाच्या सांगण्यावरून चालते ते पाहू. आमच्या शिवारात टोळी कधी येणार हे मुकादम ठरवत नाही. लागणीची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते, तोडणीचा कार्यक्रम तिथेच ठरतो आणि त्या विभागाचा चिटबॉय टोळीला फड, म्हणजे तोडायचा ऊस, दाखवतो. ऊस जमिनीलगत तोडायचा, शेंडा किती उडवायचा, पाचट किती चालेल, तोडलेला ऊस किती तासांत कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे गाळपाच्या तोंडाशी, पोहोचला पाहिजे, या सगळ्या गोष्टी कारखान्याच्या असतात. गाडी भरली की तिचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गट, उसाची जात, वाहतूकदार, टोळीचा कोड आणि टनेज हे सारे छापून येते. त्याच पावतीवरून आमचे बिल निघते, वाहतूकदाराचे भाडे निघते, मुकादमाचे कमिशन निघते आणि तोडणीची मजुरीही निघते. कामाची जागा, वेळ, पद्धत आणि मोबदला हे चारही ज्याच्या हातात आहेत, त्याला मालक म्हणायचे नाही तर कुणाला म्हणायचे?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या उद्योगाच्या बाबतीत आलेला आहे. केरळमधील कोळिकोड इथल्या दोर वळणाऱ्या कामगारांच्या खटल्यात कारखानदाराचे म्हणणे असेच होते की हे कामगार ठेकेदारांचे आहेत, माझे नाहीत. १९७८ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तो बचाव फेटाळला. कामगारांच्या श्रमातून होणारे उत्पादन ज्याच्या धंद्यासाठी आहे आणि त्यांच्या पोटापाण्यावर ज्याचे आर्थिक नियंत्रण आहे, तोच वास्तवात त्यांचा मालक. मध्ये ठेकेदारांचा पडदा असेल तर न्यायालयाने तो बाजूला सारून पाहावे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे १९८२ च्या एशियाड प्रकरणात, म्हणजे आशियाई खेळांसाठीच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरते, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. नंतरच्या निकालांनी, विशेषतः २००१ मधील स्टील अथॉरिटीच्या प्रकरणाने, ठेकेदारी कामगारांची वाट बरीच अरुंद केली, हे मान्य केले पाहिजे. तरी १९७८ ची कसोटी आमच्या काट्याच्या पावतीला लावून पाहिली, तर तिच्यात न बसणारी एकही गोष्ट मला सापडत नाही.

गेल्या हंगामात आमच्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला, टोळी आली, तेव्हा मी फडात होतो. पहाटेच्या काळोखातच कोयत्यांचा आवाज सुरू झाला होता. पुरुष तोडत होते. बायका तोडतही होत्या आणि पाचट काढून, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, दाव्याने मोळ्याही बांधत होत्या. दुपारनंतर गाडी आली तेव्हा ट्रॉलीला एक अरुंद फळी टेकवली गेली आणि त्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन बायका चढू लागल्या. एका मोळीचे वजन तीस-चाळीस किलो सहज भरते. फळीवर पाचटाचा चोथा पडून ती निसरडी झाली होती. त्यांतल्या एकीचे पोट सहा-सात महिन्यांचे दिसत होते. मी मुकादमाला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, ती बसली तर जोडीचा खाडा पडतो." खाडा म्हणजे कामावर न आल्याबद्दल उचलीत वाढवली जाणारी रक्कम, दिवसाला पाचशे ते हजार रुपये ती असते. तोडणीचा दर टनाला साडेतीनशे-पावणेचारशे रुपयांच्या आसपास आणि एका कोयत्याचे दिवसाचे काम दोन टनांच्या आगेमागे, हे लक्षात घेतले म्हणजे एका खाड्याने काय होते ते कळेल. त्या दिवशीची मजुरी तर जातेच, वर जवळजवळ आणखी एका दिवसाच्या श्रमाचे कर्ज चढते.

टोळी राहते त्या कोपी ओढ्यालगतच्या मोकळ्या रानात असतात. ताडपत्रीची आणि पाचटाची, वाकून आत जावे लागेल अशी ती खोपटी. शौचालय नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाण्याचा टँकर येईल तेव्हा येईल. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने बारा-चौदा तास फडात काढायचे, कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, विश्रांती घ्यावी तर खाडा. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते, पोटात दुखते. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते आणि वयाच्या तिशीच्या आत-बाहेर गर्भाशय काढले जाते. त्या शस्त्रक्रियेचा खर्चही बहुधा पुढच्या हंगामाच्या उचलीतूनच येतो.

२०१९ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांतून उजेडात आले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, असे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. यावर झालेली कारवाई मुख्यतः दवाखान्यांच्या दिशेने गेली: शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी, आरोग्यपत्रिका. या गोष्टी आवश्यकच होत्या आणि ज्या डॉक्टरांनी भीती घालून पैसे केले त्यांना क्षमा नाही. परंतु त्या बायका दवाखान्याच्या पायरीपर्यंत ज्या कामामुळे आणि ज्या कर्जामुळे पोहोचल्या, ते काम आणि ते कर्ज कुणाच्या धंद्यासाठी होते, हा प्रश्न बाजूला पडला. शस्त्रक्रिया बीडमध्ये झाली, पण तिचे कारण पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांत घडत होते. तिथल्या एकाही कारखान्याला याबद्दल जबाब द्यावा लागल्याचे मला आठवत नाही.

कंपन्या आणि मानवी हक्क यांविषयी जगाने मान्य केलेली एक चौकट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी मार्गदर्शक तत्त्वे एकमताने स्वीकारली. प्राध्यापक जॉन रगी यांनी सहा वर्षे खपून ती तयार केली होती. त्यांचे सूत्र तीन भागांचे आहे: हक्कांचे संरक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य, हक्कांचा आदर ही उद्योगांची जबाबदारी, आणि हक्कभंग झाल्यास पीडिताला दाद मिळण्याची सोय. उद्योगाची जबाबदारी त्याच्या फाटकाशी संपत नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. स्वतः हानी केली असेल तेव्हा, हानीला हातभार लावला असेल तेव्हा, आणि आपल्या मालाशी व्यावसायिक संबंधांतून ती हानी जोडलेली असेल तेव्हाही उद्योगाने पाऊल उचलले पाहिजे. साखरेच्या बाबतीत ही साखळी कारखान्यावरही थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'द फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोड महिलांविषयी सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला आणि इथली साखर कोका-कोला व पेप्सिको यांच्या पेयांपर्यंत कशी पोहोचते, ते मांडले. या दोन्ही कंपन्यांची पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे आणि सक्तीची मजुरी व बालमजुरी तिच्यात निषिद्ध आहे. संहिता आहे, तपासनीस आहेत, अहवाल आहेत. पण तपासनीस कारखान्याच्या हजेरीपटावर पाहतो, आणि फडातली बाई त्या हजेरीपटावर नाही. ती मुकादमाच्या वहीतही स्वतःच्या नावाने नसते. जी कागदावरच नाही, तिचा हक्कभंग कोणत्या तपासणीत सापडणार?

आपल्याकडे या विषयाची सामाजिक दायित्वाशी, म्हणजे सीएसआरशी, गल्लत केली जाते आणि ही गल्लत मला फार घातक वाटते. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते. कोपींवर ब्लँकेटे वाटली, आरोग्य शिबिर भरवले, मुलांना पाट्या-दप्तरे दिली, त्यांचे फोटो छापून आले. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, थंडीत ब्लँकेट लागतेच. पण दान दिले नाही तरी कुणी जाब विचारू शकत नाही, आणि मजुरी, सुरक्षितता, प्रसूतीची रजा या हक्काच्या गोष्टी आहेत; त्या दिल्या नाहीत तर जाब द्यावा लागला पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायवर्तनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना त्याबाबतचा अहवाल सक्तीचा केला. चांगलेच झाले. मात्र सहकारी साखर कारखाना शेअर बाजारात नसतो, त्यामुळे तो त्या कक्षेत येत नाही. उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा प्राथमिक मसुदा २०१८ मध्ये तयार झाला होता. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये पुरवठासाखळीतील दक्षतेचा निर्देश संमत केला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबवली. बाहेरून कुणी येऊन आपले फड सुधारील, या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

उलट, आपल्याच उसाच्या धंद्यात उत्तरदायित्वाची एक घट्ट व्यवस्था आधीपासून चालू आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज. कारखान्याने थकवले तर पुण्याचे साखर आयुक्त जप्तीचा, म्हणजे आरआरसीचा, आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतात. ही व्यवस्था आपोआप आली नाही. शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, तुरुंगात गेले, न्यायालयात गेले, तेव्हा ती अमलात येऊ लागली, आणि आजही व्याजासाठी झगडावेच लागते. पण कागदावर तरी माझ्या प्रत्येक टनाला कायद्याचे संरक्षण आहे. तोच टन ज्या हातांनी तोडला, त्या हातांच्या मजुरीला १४ दिवसांची मुदत नाही, व्याज नाही, वसुलीचा आदेश नाही. पावती एकच, टनेज एकच, आणि कायदा मात्र तिच्यातल्या एकाच नावाला ओळखतो.

मजुराचा हक्कही असा बंधनाशी जोडून घेता येतो, याचे उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडात आहे. इमोकली इथल्या टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांनी शेतमालकांऐवजी माल विकत घेणाऱ्या मोठ्या खाद्यकंपन्यांना गाठले. २००५ मध्ये पहिली मोठी कंपनी करारावर आली. पौंडामागे एक सेंट जादा द्यायचा, तो थेट मजुरापर्यंत पोहोचवायचा, आणि ज्या मळ्यावर सक्तीची मजुरी किंवा लैंगिक छळ आढळेल तिथला माल घ्यायचा नाही, अशा अटी त्यात आल्या. आचारसंहिता आणि हा करार यांतला फरक एवढाच की कराराचा भंग झाला तर कंपनीला न्यायालयात खेचता येते. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेल्यावर कपड्यांच्या जागतिक कंपन्यांनी कामगार संघटनांशी जो करार केला, तोही असाच बंधनकारक होता. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची तपासणी आधी होऊन गेली होती आणि ते तपासणीत उत्तीर्ण झाले होते, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालण्याचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाच्या योजनेत ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहे मंजूर झाली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरवली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. या सगळ्यांतून मला एक विसंगती दिसते. मजुरांचा दर ठरवायला कारखान्यांचा साखर संघ वाटाघाटीला बसतो, त्यांच्या कल्याणासाठी कारखाना टनामागे पैसे देतो, आणि अपघाताच्या भरपाईचा प्रश्न आला की हे मजूर आमचे नव्हेत असे सांगतो. दर ठरवणारा जर मालक नसेल, तर तो वाटाघाटीला कोणत्या नात्याने बसला होता?

कारखान्यांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. उचल घेऊन मुकादम पसार होतात, वाहतूकदार कर्जात बुडतात, काहींनी त्यापायी जीव दिले आहेत. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि त्यानंतरही एफआरपी चढतच गेली. शेतकऱ्यालाही टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री असे वरचे पैसे मोजल्याशिवाय ऊस बाहेर काढता येत नाही. मी स्वतः मोजले आहेत. परंतु हे सगळे रोग एकाच मुळातून येतात. पैसे आगाऊ द्यायचे, तेही तोंडी व्यवहाराने, तीन हातांतून, आणि शेवटच्या माणसाची नोंद कुठेच ठेवायची नाही, अशा व्यवस्थेत पैसे बुडणारच. मजुराची नोंदणी कारखान्याने थेट केली, नवरा आणि बायको या दोघांची वेगवेगळी खाती उघडली आणि काट्याच्या पावतीवरून दर पंधरवड्याला मजुरी जमा केली, तर मुकादमाला पसार होण्यासारखे फारसे उरणार नाही. संगणक आहे, टोळीचा कोड आहे, आधार आहे, बँक आहे. शेतकऱ्यांच्या हजारो खात्यांवर कारखाना एका दिवसात बिले सोडतो, तेव्हा हे जमणार नाही हे मला पटत नाही.

सहकारी कारखान्यात ही गोष्ट आम्हा सभासदांवर येते, कारण कायद्याने मालक आम्ही आहोत. वार्षिक अहवालात गाळप, उतारा, डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती, यंत्रांची दुरुस्ती, अगदी बगीच्याचा खर्चही असतो. ऊसतोड मजुरांविषयी त्यात तोडणी-वाहतूक खर्चाची एक ओळ असते. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि प्रश्न काही दिवस आधी लेखी द्यायचे असतात. यंदा मी आणि माझ्या गटातले काही सभासद मिळून प्रश्न देत आहोत. गेल्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात किती ऊसतोड महिला कामाला होत्या आणि त्यांची नावे कारखान्याकडे आहेत का? तोडणी, भरणी आणि वाहतुकीत किती मजूर जखमी झाले किंवा मेले, आणि कुणाला किती भरपाई मिळाली? गरोदर बाईचा खाडा कापला जाणार नाही, अशी अट वाहतूकदाराशी होणाऱ्या करारात घालायला संचालक मंडळ तयार आहे का, आणि नसेल तर का नाही? उत्तरे सभेच्या इतिवृत्तात नोंदवावीत, अशी विनंतीही अर्जात लिहिली आहे, कारण इतिवृत्तात आलेला कागद पुढे न्यायालयात दाखवता येतो.